चौसष्ट मिलिमीटरांत सोलापूरचा पत्ता

सोलापूरचा पत्ता ऐसपैस असतो. घर नंबर, पेठ, अमक्याच्या मागे किंवा तमक्याच्या समोर, मग चौक आणि शेवटी गाव. मंगळवार पेठ एवढे लिहून भागत नाही, पूर्व की पश्चिम ते सांगावे लागते. कसबा म्हटले तर उत्तर की दक्षिण? तालुका म्हटला तरी तोच प्रश्न, कारण उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर हे दोन वेगळे तालुके. 'तेलंगी पाच्छा पेठ' हे नुसते पेठेचे नावच अर्धी ओळ खाऊन टाकते. आणि बाजारात सर्रास मिळणाऱ्या, एका पानावर चोवीस चिकटपट्ट्या, म्हणजे लेबले, असलेल्या कागदावर एका पट्टीची रुंदी असते जेमतेम ६४ मिलिमीटर, उंची ३४.

हा मेळ घालायची वेळ सोलापुरात अनेकांवर येते. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सभा घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, यंत्रमागवाल्यांच्या संस्था, सगळीकडे सभासदांच्या नोटिसांचे गठ्ठे पडतात. लग्नसराईत पत्रिका असतात. चाटी गल्लीतल्या किंवा एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्याला परगावच्या दुकानदारांना नमुने आणि दरपत्रक पाठवायचे असते. दोनशे पाकिटांवर हाताने पत्ते लिहिणारा एखादा निवृत्त शिक्षक पूर्वी प्रत्येक मंडळाच्या ताफ्यात असायचा. आता ते काम वर्डमध्ये मेल मर्ज करून, म्हणजे यादीतले पत्ते आपोआप पट्ट्यांवर उतरवून, होते. निदान व्हायला हवे. प्रत्यक्षात डीटीपीच्या दुकानात पहिल्या पानावरचे पत्ते नीट येतात, तिसऱ्या रांगेपासून ते पट्टीच्या कडेवर चढतात, आणि मग 'प्रिंटर खराब आहे' असा निकाल लागतो. माझे मत असे की निम्म्याहून जास्त वेळा दोष प्रिंटरचा नसतो, वर्डचाही नसतो. दोष पत्त्यांच्या यादीत असतो, आणि उरलेला फूटपट्टी न वापरण्यात.

म्हणून आधी यादी. एक्सेलमध्ये अख्खा पत्ता एकाच चौकोनात कोंबण्याची सवय फार आहे. नाव एका रकान्यात, पत्ता दुसऱ्यात, झाले काम. पण असा पत्ता पट्टीवर कुठे मोडायचा हे संगणकाला कळत नाही. मग 'पूर्व मंगळवार' एका ओळीत आणि 'पेठ' दुसऱ्या ओळीत. मराठी पत्त्याचा साचा तर आपल्याकडे आधीच तयार आहे: मु., पो., ता., जि. ग्रामीण टपालाच्या गरजेतून घडलेली ही चार अक्षरे म्हणजे चार रकानेच आहेत. मुक्काम आणि पोस्ट वेगळे का, हे शहरात वाढलेल्यांना पटकन उमगत नाही. प्रत्येक गावात टपाल कचेरी नसते. गाव एक, त्याचे पोस्ट शेजारच्या गावात. मंगळवेढा किंवा सांगोला तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर राहणाऱ्या सभासदाचे मुक्काम आणि पोस्ट एकच समजून टाइप केले, की पाकीट आधी भलत्या थैलीत पडते. शिवाय बोरगाव नावाचे गाव अक्कलकोट तालुक्यातही आहे आणि माळशिरस तालुक्यातही. तेव्हा तालुक्याचा रकाना हा शोभेचा नाही.

रकाने असे ठेवावेत: उपाधी (श्री., श्रीमती, डॉ.), नाव, घर नंबर व इमारत, पेठ किंवा रस्ता, खूण, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन, मोबाइल. शहरातल्या माणसाचे मुक्काम-पोस्ट रिकामे राहील, गावातल्याची पेठ रिकामी राहील. राहू द्या. मोबाइल पट्टीवर छापायचा नसला तरी यादीत ठेवा, कारण एकाच माणसाची दोनदा नोंद झाली आहे का, हे नावावरून कळत नाही. सोलापुरात एका संस्थेत बिराजदार आडनावाचे डझनभर सभासद सहज निघतात, त्यातल्या दोघातिघांचे पहिले नावही एकच. त्यात कुणीतरी एका जागी बिरादार टाइप केलेले. तेलुगू आणि कन्नड घरांतली नावे मराठीत लिहिताना तर प्रत्येक कारकुनाचे शुद्धलेखन वेगळे. अशा वेळी नंबर हीच ओळख.

आता एक्सेलची एक खोडी. घर नंबर १२/४ असा इंग्रजी आकड्यांत टाइप करून एंटर मारले की एक्सेल त्याची तारीख करून टाकते: १२ एप्रिल. आपल्या लक्षात येत नाही, कारण आपण खाली पुढच्या ओळीवर गेलेलो असतो. चाळीस सभासदांचे प्लॉट असे एप्रिल-मे महिन्यांत जाऊन बसतात, आणि तारीख झालेला नंबर रकान्याचा प्रकार नंतर बदलून परत येत नाही, तिथे पाच आकडी भलतीच संख्या दिसू लागते. उपाय टाइप करण्याआधीचा आहे. रकाना निवडायचा, त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करायचा, मग टायपिंग. यादी दुसऱ्याला द्यायची तर शक्यतो एक्सेलच्याच रूपात द्या. सीएसव्ही करायचीच असेल तर यूटीएफ-८ असे लिहिलेला पर्याय निवडा. साध्या सीएसव्हीत मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते.

पिन हा या सगळ्यातला सर्वांत कामाचा रकाना, आणि तो मराठी माणसाच्या डोक्यातून आला आहे. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी असलेले श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे जनक. एरवी ते संस्कृतात काव्ये-नाटके लिहिणारे पंडित. एकाच नावाची अनेक गावे, वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, चुकीची स्पेलिंगे, यातून मार्ग म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकड्यांचा पिन सुरू झाला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो, आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष वाटप करणारी कचेरी सांगतात. टपालाचा हा जिल्हा आणि महसुली जिल्हा एकच असतो असे मात्र नाही. सोलापूरच्या मुख्य टपाल कचेरीचा पिन ४१३००१, पंढरपूरचा ४१३३०४, मंगळवेढ्याचा ४१३३०५. पण त्याच ४१३ मध्ये धाराशिव (४१३५०१) आणि लातूर (४१३५१२) येतात, पुणे जिल्ह्यातले बारामती (४१३१०२) येते आणि थेट अहिल्यानगर जिल्ह्यातले श्रीरामपूरही (४१३७०९) येते. म्हणजे '४१३ आहे ना, मग सोलापूरच' हा अंदाज फसतो.

पिनचा दुसरा फायदा यादी जुनी झाल्यावर कळतो. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. पिन तेच राहिले. जिल्ह्याचा रकाना वेगळा असेल तर 'फाइंड आणि रिप्लेस'ने हा बदल मिनिटाचा आहे. पत्ता एकाच चौकोनात कोंबलेला असेल तर तीच आज्ञा 'उस्मानाबाद रोड'वरच्या दुकानाचाही पत्ता बदलून टाकते. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिनही आणला. दहा अक्षरे-आकड्यांचा हा सांकेतिक क्रमांक सुमारे चार मीटर बाय चार मीटर जागा दाखवतो. त्याने पिन रद्द झालेला नाही, आणि पट्टीवर अजून तरी पिनच हवा. तो इंग्रजी आकड्यांत आणि बाकी पत्त्यापेक्षा एक पॉइंट मोठा छापावा असे मी म्हणेन. पाकीट बंगळूरुला किंवा सुरतेला जाणार असेल तर तिथल्या माणसाला देवनागरी ४ आणि ५ वाचता यायलाच हवेत असा आपला हट्ट कशाला? परराज्यात जायच्या पट्ट्यांवर गाव आणि राज्यही इंग्रजीत असलेले बरे.

मराठीपुढची खरी अडचण फॉन्टची. संस्थांकडे पंधरा-वीस वर्षांपूर्वी केलेल्या याद्या असतात. त्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये, योगेश, सुरेख अशा फॉन्टांत टाइप केलेल्या. तो फॉन्ट संगणकावर असेतोवर सगळे छान दिसते. दुसऱ्या संगणकावर उघडले की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. कारण त्या फाइलमध्ये संगणकाच्या लेखी मराठी नव्हतीच. इंग्रजी चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली होती. अशा यादीची अकारविल्हे लागत नाही, त्यात शोधता येत नाही. मेल मर्ज करताना फॉन्ट सुटला की पट्टीवर तीच खिचडी छापली जाते. अशी यादी आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणून घ्या आणि मग ती एकदा डोळ्यांखालून घाला. रफार आणि जोडाक्षरे इथे हमखास घसरतात.

युनिकोडमध्ये आल्यावरही एक गंमत उरते. सोलापुरात वकील पुष्कळ, त्यामुळे यादीत 'ॲड.' पुष्कळ. हे पहिले अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होते: एकतर अखंड 'ॲ', किंवा 'अ' टाइप करून त्यावर चंद्र. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाला वेगळे. कारण अखंड 'ॲ' युनिकोडमध्ये आला २००८ मध्ये. तोवर लोक दुसऱ्या तऱ्हेनेच लिहीत आणि काही कळफलक अजून तसेच लिहितात. म्हणून 'ॲड.' शोधल्यावर तीस वकिलांपैकी अठराच सापडतात. बाकीच्यांना पत्रिका गेली नाही की मग निवडणुकीत कळते.

यादी झाली, आता कागद. इथे फूटपट्टी घ्या. लेबलांच्या वेष्टनावर छापलेला आकार सोयीसाठी गोल केलेला असतो. चोवीस पट्ट्यांच्या प्रचलित ए४ कागदावर खरा आकार ६३.५ बाय ३३.९ मिलिमीटर असतो, तीन उभ्या रांगा आणि आठ आडव्या. दोन उभ्या रांगांमध्ये अडीच मिलिमीटरची फट, आडव्या रांगांमध्ये फट नाही. हिशेब करून पाहा. तीन पट्ट्या १९०.५, दोन फटी ५, मिळून १९५.५. ए४ कागद २१० मिलिमीटर रुंद, म्हणजे उरले १४.५ आणि डावा-उजवा समास प्रत्येकी ७.२५. उभ्या दिशेने आठ पट्ट्या २७१.२, कागद २९७, म्हणून वरचा समास १२.९. वर्डमध्ये 'मेलिंग्ज'मधून 'लेबल्स', 'ऑप्शन्स' आणि 'न्यू लेबल' असे गेलात की हेच आकडे भरायला एक खिडकी उघडते. तुमच्या कागदाची मापे वेगळी भरली तर ती घाला, माझी नकोत.

या खिडकीतला 'पिच' हा रकाना भल्याभल्यांना चकवतो. पिच म्हणजे पट्टीची रुंदी नव्हे. एका पट्टीच्या डाव्या कडेपासून पुढच्या पट्टीच्या डाव्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे आडवा पिच. आपल्या कागदावर तो ६३.५ अधिक २.५, म्हणजे ६६. तिथे ६३.५ भरले तर पहिली रांग बिनचूक येते, दुसरी अडीच मिलिमीटर डावीकडे सरकते, तिसरी पाच. डीटीपीवाला मग तिसऱ्या रांगेत स्पेस मारून मारून पत्ते उजवीकडे ढकलत बसतो. उभा पिच इथे ३३.९ च, कारण फट नाही. आणि कागदाचा आकार ए४ आहे ना, ते जरूर बघा. वर्डमध्ये पुष्कळदा अमेरिकी 'लेटर' ठरलेले असते. तो कागद २१६ बाय २७९ मिलिमीटरचा, म्हणजे ए४ पेक्षा रुंद पण आखूड.

पुढे मेल मर्जचा भाग सोपा आहे, एक पायरी सोडून. 'स्टार्ट मेल मर्ज'मधून लेबल्स निवडायचे, 'सिलेक्ट रेसिपियंट्स'मधून एक्सेलची यादी जोडायची, पहिल्या पट्टीत रकाने हवे तसे मांडायचे. इथे लोक थांबतात, छापतात, आणि पानावर एकच पत्ता येतो, बाकी तेवीस पट्ट्या कोऱ्या. 'अपडेट लेबल्स' दाबायचे राहिले. ते दाबले की पहिल्या पट्टीची मांडणी उरलेल्या पट्ट्यांवर उतरते. पहिल्या पट्टीत नंतर काहीही बदल केला, साधा फॉन्ट जरी, तरी पुन्हा दाबायचे. ज्यांच्याकडे वर्ड नाही त्यांनी लिबरऑफिस घ्यावे. ते फुकट आहे, लेबलांची सोय त्यातही आहे.

रिकाम्या रकान्यांची काळजी मात्र घ्यावी लागते. ओळीत एकटाच रकाना असेल आणि तो रिकामा निघाला, तर वर्ड ती ओळ आपणहून गाळते. पण आपण ओळीत 'ता.' टाइप करून पुढे तालुक्याचा रकाना ठेवला असेल, तर शहरातल्या सभासदाच्या पट्टीवर नुसते 'ता.' लटकत राहते. ते टाळायला 'रूल्स'मधला 'इफ-देन-एल्स' वापरता येतो: तालुका असेल तर 'ता.' छाप, नसेल तर काही नको. हे किचकट वाटले तर 'ता. सांगोला' असे एक्सेलमध्येच लिहून टाका. शास्त्रशुद्ध नाही, पण चालते.

आता ओळींचे गणित. ३३.९ मिलिमीटर म्हणजे साधारण ९६ पॉइंट. देवनागरीला वर मात्रा-रफार-अनुस्वार आणि खाली उकार-जोडाक्षरे लागतात, म्हणून तिची ओळ इंग्रजीपेक्षा उंच. विंडोजसोबत वर्षानुवर्षे आलेला 'मंगल' फॉन्ट मुंबईच्या प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला. पडद्यावर वाचायला तो उत्तम, पण त्याची ओळ फार उंच. बारा पॉइंटात 'सिंगल' अंतर ठेवले की पाच ओळी पट्टीत मावत नाहीत. आणि वर्डमधल्या लेबलच्या चौकोनाची उंची बांधलेली असते, तो वाढत नाही. जास्तीचा मजकूर गुपचूप कापला जातो. कापली जाते ती शेवटची ओळ, म्हणजे नेमका पिन. तेव्हा परिच्छेदाच्या मांडणीत ओळीचे अंतर 'एक्झॅक्टली' करून १६ पॉइंट द्या. पाच ओळींचे ८० होतात, वरखाली १६ उरतात. सहा ओळी हव्याच असतील तर अक्षर लहान करून १४ द्या, ८४ होतील. त्याखाली गेलात तर 'कुर्डुवाडी'चा रफार आणि उकार छाटले जातील. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखे मोकळेपणाने मिळणारे फॉन्टही या कामाला चांगले. फॉन्ट बदलूनही अक्षर बदलत नसेल तर गोंधळू नका. वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'मध्ये मोजते, आणि फॉन्टच्या खिडकीत तिचे नाव व आकार भरायला वेगळी जागा असते. तुम्ही बदललात तो इंग्रजीचा.

सजावट करू नका. संस्थेचे बोधचिन्ह, श्रींचे चित्र, रंगीत चौकट, यांना पाकिटावर जागा आहे, पट्टीवर नाही.

छापण्याआधी यादी पिनप्रमाणे लावून घ्या. पट्ट्या त्याच क्रमाने निघतात, पाकिटे त्याच क्रमाने रचली जातात आणि टपाल कचेरीच्या खिडकीवर पिनवार गठ्ठे देता येतात. मग 'फिनिश अँड मर्ज'मधून थेट प्रिंटरकडे न जाता आधी स्वतंत्र कागदपत्र तयार करा, ते पान न पान चाळा. पहिले पान साध्या कागदावर छापा, कोऱ्या लेबलच्या कागदावर ठेवा आणि दोन्ही उजेडासमोर धरा. अक्षरे चौकोनांत बसली आहेत का, ते लगेच दिसते. प्रिंटरच्या खिडकीत 'फिट टू पेज' असेल तर ते काढून शंभर टक्के करा. तीन टक्के आकसले तरी आठ रांगांच्या २७१ मिलिमीटरांत आठ मिलिमीटरांचा फरक पडतो. 'तिसऱ्या रांगेपासून चढते' या तक्रारीचे मूळ बहुधा इथे किंवा पिचमध्ये सापडते. शक्यतो लेझर प्रिंटर वापरा. सभेच्या नोटिसा निघतात त्या ऐन पावसात, आणि इंकजेटची शाई ओल्या थैलीत फुटते. अर्ध्या पट्ट्या काढून घेतलेला कागद मात्र लेझरमध्ये पुन्हा घालू नये. आतल्या उष्णतेने उरलेली पट्टी सुटून ड्रमला चिकटली तर दुरुस्तीचा खर्च सगळ्या पाकिटांच्या टपालहंशिलापेक्षा जास्त होतो.

बाहेरच्या दुकानात काम करून घेतले असेल तर निघताना तिथल्या संगणकावरून यादी पुसून घ्या. शेकडो लोकांची नावे, पत्ते आणि मोबाइल त्यात आहेत. आणि जी पाकिटे परत येतील ती रद्दीत टाकू नका. पोस्टमनने त्यावर कारण लिहिलेले असते: पत्ता अपूर्ण, घर बंद, सोडून गेले. एक्सेलमध्ये आणखी एक रकाना करून ते कारण त्याच दिवशी नोंदवा आणि त्या सभासदाला फोन करून नवा पत्ता विचारा.